तळहाताचा कौल

शेवटच्या शुक्रवारी, रग्बी क्लबच्या मागच्या खोलीत
मर्विन डार्टच्या पाटीवरचे आकडे बाहीनं पुसतो
आणि खडूनं लिहितो: टिनप्लेट सेंट्स.
त्याखाली एक ते सात.
सात अल्बम, चार माणसं, बत्तीस वर्षं.
इतक्या वर्षांत पोटट्रॉल्बटात तीन खासदार बदलले,
आमचा दुसरा नंबर अजून ठरलेला नाही.

एम्लिन म्हणतो, रिफ म्हणजे पाया,
बाकी सगळी रंगरंगोटी.
शितावरून भात कळतो हे त्याला मान्य नाही,
तो अख्खं पातेलं चाटतो,
मग म्हणतो, मीठ कमी.

केरी क्रेन चालवायची.
तिच्याकडे स्वान्सीच्या कार्यक्रमाचं अर्धं तिकीट आहे,
प्लास्टिकमध्ये घातलेलं.
हरायला लागली की ती ते टेबलावर ठेवते,
काही बोलत नाही.
आम्ही तिघं तेव्हा तिथं नव्हतो.

मी बगळ्याच्या कव्हरला दुसरा देतो, दरवेळी.
कारण विचारलं की ड्रमचं सांगतो.
खरं असं की माझ्या कॅसेटवर
शेवटचं गाणं अर्ध्यात कापून
भावानं चुकून हवामानाचा अंदाज भरला होता.
अजूनही ते गाणं संपत आलं
की मी नैऋत्येच्या वाऱ्याची वाट बघतो.

वाद नाही तो फक्त सातव्या जागेवर.
पाचवा अल्बम. मूळ गायक सोडून गेला,
आणि त्यांनी कुठून तरी एक पोरगा आणला,
दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखा.
तो अल्बम पाटीवर सगळ्यात आधी लिहिला जातो,
तळाला, न विचारता.

इडवल या सगळ्यात कमी बोलतो.
सव्वीस वर्षं झोतभट्टीपाशी काढली त्यानं.
भट्टी थंड झाली, कानातली शिट्टी राहिली.
नवी यंत्रं मिळालीत, पण त्यांतून झांजा
पत्र्यावर उंदीर पळाल्यासारख्या येतात म्हणे.
त्या रात्री त्यानं दोन्ही काढली,
बिअरच्या पुठ्ठ्यावर ठेवली, शेंगांच्या टरफलांसारखी,
खुर्ची ओढली
आणि स्पीकरच्या लाकडावर हात पालथा घातला.
म्हणाला, लावा. सगळे. एकेक बाजू.

आम्ही लावले.
मध्येच केरीनं आवाज वाढवला, कोणी हरकत घेतली नाही.
बारवाली दोनदा डोकावून गेली.
इडवल डोळे मिटून होता,
म्हशीच्या पोटावर हात ठेवून
आत वासरू कसं आहे ते बघणाऱ्या माणसासारखा.
हातावर जुन्या भाजल्याचे डाग, नाण्याएवढे.

मग उठला. बाहीनं नव्हे, रुमालानं
सातवी ओळ पुसली
आणि पाचवा अल्बम सगळ्यात वर लिहिला.

केरीनं जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही.
मर्विन त्याच्या तोंडासमोर जाऊन,
ओठ मोठे करून ओरडला:
अरे, पण तो गायक!

इडवलनं आमच्याकडे बघितलं.
एकेकाकडे, नीट.
म्हणाला, त्यात कोणी गातं?

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग एम्लिननं, बेस तसा बरा आहे म्हणा,
असं ग्लासात बघत म्हटलं.
मग नेहमीसारखं भांडण झालं, पण जरा हळू,
आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
तिकीट प्लास्टिकमध्येच राहिलं, खिशात.

पाटी काही टिकली नाही.
शनिवारी पोरांना डार्ट खेळायचे होते,
त्यांनी तीनशे एक लिहिलं.

मी घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.
बायको झोपलेली, वॉशिंग मशीन शेवटच्या फेरीत.
अंधारात, कोट न काढता,
मी त्यावर हात ठेवला.

वाईट नव्हतं.
चौथा.
फार तर तिसरा.